मांडव त्यांच्या अंगणात

मंजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकावर खेकसत होते. लग्नपत्रिकेचं प्रूफ पास करून गेलेला माणूस परत आलेला, आणि त्याला आता आणखी एका काकांचं नाव घालायचं होतं, तेही जाड टायपात. फोनवर मंजूचा नवरा, प्रकाश. हा माणूस एरवी आधी हवापाणी, मग माझं दुकान, मग तब्येत असं करत करत मुद्द्यावर येतो. त्या दिवशी एकदम म्हणाला, "शुभाताई, मंजू आपल्यात नाही आता." मला कळलं. तरी मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?" कावीळ झाली म्हणून तिला ठाण्याला हॉस्पिटलात ठेवलेलं आणि दोनचार दिवसांत घरी सोडतील असंच आम्ही सगळे धरून चाललेलो. मी फोन ठेवला, खुर्चीत बसले आणि त्या काकांचं नाव टाइप केलं. जाड टायपात. तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता, मग पत्रिका घेऊन निघून गेला.

त्याला आता दीडेक महिना झाला. डोंबिवलीत माझं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान आहे, तिथे मंजू इतकी यायची की गिऱ्हाइकंही तिला ओळखायची. ती विचारतात, तुमची ती मैत्रीण नक्की काय करायची हो? मी म्हणते, कॉम्प्युटरमध्ये होती. आणि मग माझा मलाच राग येतो. कॉम्प्युटरमध्ये काय, आज पानवाल्याचा भाचासुद्धा आहे. मंजू जे करायची ते चार लोकांना समजेल असं सांगता येतं, ती स्वतः ते छान सांगायची, आणि आता ती नाही तर ते मी सांगायला हवं. मी काही त्यातली तज्ज्ञ नाही. पण तिच्याशी जितकं मी भांडले तितकं कोणी भांडलं नसेल, आणि भांडताना माणूस समोरच्याचं म्हणणं फार नीट ऐकतो.

आमची ओळख ठाण्याच्या एका ऑफिसातली, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. तिथे काचेच्या खोलीत एक मोठं मशीन होतं, युनिक्स नावाच्या सिस्टमवर चालणारं. आत इतका गारठा की बायका जायच्या नाहीत, आणि चपला बाहेर काढून जायचं म्हणून पुरुषही कुरकुरायचे. मंजू शाल गुंडाळून तासन्‌तास आत बसायची. ठाकुर्लीपासून खाडीच्या अंगाला त्यांचं गाव, आगरी घर, पूर्वी मिठागरं आणि भातशेती. ऑफिसात ती अगदी पुस्तकी मराठी बोलायची आणि घरून फोन आला की एका श्वासात बदलायची, "क गो आय, जेवलीस का?" आमच्यातल्या एका शहाण्यानं एकदा तिची नक्कल केली. मंजूनं फोन ठेवला, त्याच्या टेबलाशी गेली आणि पुढची दहा मिनिटं त्याच्याशी ऑफिसचं सगळं काम आगरीत बोलली, शांतपणे, मोठ्या आवाजात. त्याला निम्मं कळेना. तो "हो, हो" करत राहिला. त्यानंतर त्यानं नक्कल केली नाही, आणि मंजूनंही तो विषय कधी काढला नाही. तिला कुणाला जिंकायचं नसायचं. आपण जिथून आलो तिथे उभं राहून बोलायचं, एवढंच.

तिची आई ताराबाई ही धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आगरी लग्नात मांडव उभा राहिल्यापासून हळद लागेपर्यंत जे काही होतं त्यात धवलारणीचा मान मोठा. ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते, आणि ते गाऊन झाल्याशिवाय पान हलत नाही. मी पहिल्यांदा ताराबाईंना ऐकलं ते मंजूच्या चुलतबहिणीच्या हळदीला. माइक नाही, काही नाही, आणि आवाज असा की मांडवाच्या पार पलीकडे जेवायला बसलेली माणसं घास हातात धरून थांबली. पण मला त्याहून गंमत वाटली ती आधीची. गाण्याला बसण्यापूर्वी ताराबाई त्या घरच्या म्हाताऱ्यांना घेऊन बसल्या. तुमचे देव कनचे, गावदेवी कोण, वाडवडलांची नावं काय, अगदी खोदून खोदून. मग जेव्हा गायला लागल्या तेव्हा ती सगळी नावं चालीत बसलेली. मंजू माझ्या कानाशी म्हणाली, "गाणं आईचं. नावं त्या घरची. दुसऱ्या गावात गेली की पुन्हा पहिल्यापासून विचारणार."

पुढे मंजूचं लग्न झालं, ती ठाण्यातच वर्तकनगरला गेली, आणि सासरच्यांनी हौसेनं तिचं नाव मृणाल ठेवलं. तिनं आनंदानं ठेवून घेतलं. मी चिडले. मी म्हटलं, चांगलं मंजुळा नाव आहे, बदलतेस कशाला? तर म्हणाली, "बदललं कुठे? वाढलं. सासूबाईंनी हाक मारली तरी मीच जाते, आईनं मारली तरी मीच जाते." मला तेव्हा हे उत्तर फार गुळमुळीत वाटलं.

नव्वदनंतर मी ऑफिस सोडून दुकान काढलं. मंजू त्याच सुमारास एका नव्याच नादाला लागली. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी एक सिस्टम होती, लिनक्स. फुकट मिळायची, पण तिला त्या फुकटाचं कौतुक नव्हतं. तिला कौतुक होतं ते आतला सगळा कोड, म्हणजे मशीनला लिहून दिलेल्या सूचना, उघडा असण्याचं. कोणीही वाचावा, चूक दिसली तर सुधारावी, सुधारलेलं परत सगळ्यांना द्यावं. त्यातही तिचा जीव जडला तो फाइल सिस्टमवर. म्हणजे काय, तर डिस्कवर कुठली वस्तू कुठे ठेवली, तिचं नाव काय, ती कधी ठेवली, ही सगळी मांडणी सांभाळणारी पद्धत. मला तिनं स्वयंपाकघरावरून समजावलेलं. प्रत्येक घरात मीठ असतंच, पण दुसरीच्या ओट्याशी उभं राहिलं की ते सापडत नाही. तसं माझ्या दुकानातल्या विंडोजला तिची लिनक्सची डिस्क जोडली तर त्याला काहीच सापडायचं नाही. डिस्क भरलेली असायची आणि माझं मशीन सरळ म्हणायचं, ही कोरी आहे, पुसून घेऊ का?

हे सगळं माझ्या कानावरून जात होतं, आणि गेलं असतं. पण ताराबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करायचं ठरलं, दिवाळी झाली की लगेच. डॉक्टरांनी मंजूला बाजूला घेऊन सांगितलं की गाठ आवाजाच्या नसेला लागून आहे. जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. मंजूनं ते तसंच्या तसं आईला सांगितलं. ताराबाई म्हणाल्या, "मंग शेवंताला बोलव." शेवंता ही त्यांच्या नात्यातली, आंबिवलीला दिलेली, दोन पोरांची आई. गळा खणखणीत, पण धवले निम्मेच पाठ. तुळशीचं लग्न लागलं की आंबिवलीकडची लग्नं सुरू, आणि तिथली माणसं ताराबाईंना बोलवायची. आता तिथे शेवंताला उभं राहायचं होतं. ताराबाईंना आवाजाची भीती होती का, मला माहीत नाही. त्यांनी बोलून दाखवली ती एकच गोष्ट: आपल्यानंतर एखाद्या घरात धवलारीण अर्ध्यातून अडली तर त्या घरचे देव तिथेच उभे राहतील.

तर मंजूनं आईचे धवले कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायला घेतले. कॅसेटवर का नाही, हे मीही विचारलं. कॅसेटवर होते की, पण शेवंताला शिकायचं तर एकेक कडवं वेगळं हवं, पुन्हा पुन्हा लावता यायला हवं, आणि कुठलं कुठल्या गावचं हे कळायला हवं. आवाजाच्या त्या फाइली अवाढव्य, फ्लॉपीत मावायचं नाव नाही. म्हणून मंजू आख्खी हार्डडिस्कच पिशवीत घालून फिरायची, टर्किश टॉवेलात गुंडाळून. ही डिस्क तिन्हीकडे चालायला हवी होती. वर्तकनगरला मंजूच्या घरी लिनक्स, डोंबिवलीत माझ्याकडे विंडोज, आणि आंबिवलीला शेवंताच्या दिराकडे एक जुनं मशीन, विंडोजच्याही आधीच्या डॉसवरचं.

आणि इथे आमचं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, सोप्पं आहे, डिस्क विंडोजच्या पद्धतीनं मांड, सगळीकडे चालेल. ती म्हणाली, नाही चालणार. एक तर डॉसकडे गेलं की नाव आठ अक्षरांत कोंबावं लागतं. आणि दुसरं म्हणजे तिच्या फाइल सिस्टममध्ये एका वस्तूला दोन नावं देता यायची. वस्तू एकच, जागा एकच, पण ठाकुर्लीच्या कप्प्यात एका नावानं आणि आंबिवलीच्या कप्प्यात दुसऱ्या नावानं. कितीतरी धवले दोन्हीकडे तेच होते. प्रती काढून ठेवल्या की एकीत सुधारणा होते आणि दुसरी तशीच राहते. म्हणून विंडोजला आणि डॉसला तिचीच मांडणी वाचता यावी असा कोड ती लिहायला बसलेली. मी म्हटलं, बरं, मग तुझी लिनक्स एवढी गुणाची आहे, वर फुकट आहे, तर माझ्या आणि त्या दिराच्या मशीनवर तीच घाल ना. दुसऱ्यांच्या सिस्टमला तुझी मांडणी शिकवत बसायचा हा उद्योग सांगितलाय कोणी?

मंजू हसली. म्हणाली, "आईला बोलावणं आलं की आई काय करते? मांडव आमच्या अंगणात घाला म्हणते? मांडव त्यांच्या अंगणातच असतो गं. आपण जायचं असतं."

मी गप्प बसणारी नाही. मी म्हटलं, तुझ्या आईला मान मिळतो, तुला काय मिळणार? तेव्हा तिनं मला एक पत्रापत्री वाचून दाखवली. जगभरातले जे लोक ती सिस्टम लिहायचे ते ईमेलवर एकमेकांशी बोलायचे, आणि मंजूनं आपलं काम तिथे सांगितल्यावर त्यातल्या एकानं अगदी माझ्यासारखंच झापलेलं. आपली चांगली गोष्ट बाजारातल्या सिस्टमवाल्यांच्या हातात का द्यायची, ती आपल्याकडेच राहू द्या, म्हणजे लोक आपसूक इकडे येतील. मंजूनं त्याला उत्तर दिलेलं, ते मला तिनं मराठीत सांगितलं. ज्याला आपलं सामान घेऊन परत जाता येणार नाही असं वाटतं तो माणूस आपल्याकडे येतच नाही; जाण्याची वाट उघडी दिसली की येतो. आणि समजा उद्या आपली सिस्टमच राहिली नाही, तर तिच्यात ठेवलेलं लोकांचं सगळं तिच्याबरोबर जायला हवं का? हे ऐकून तो माणूस विरघळला असं नाही. पण त्यानं पुढच्या पत्रात तिच्या कोडमधली एक चूक काढून दिली, आणि मंजू दिवसभर खूश होती. "बघ," म्हणाली, "भांडतोय, पण वाचतोय."

चुका तर निघतच होत्या. माझ्या विंडोजवर आणलं की एक गोष्ट मोडायची, डॉसवर नेलं की तिसरीच. मी म्हणायचे, एवढं नीट चाललेलं तिकडे, कशाला हलवलंस? ती म्हणायची, तिकडेही चुकलेलंच होतं, फक्त तिथे सवयीनं खपून जात होतं. दुसऱ्याच्या घरी राहायला गेलं की आपण घोरतो हे कळतं तसं. अशी ती दोन महिने लढली. नोकरी, घर, आईच्या तपासण्या, आणि रविवारी माझं दुकान. आणि एके रविवारी तिनं टॉवेल सोडून डिस्क माझ्या मशीनला लावली आणि माझ्या पडद्यावर सगळे कप्पे दिसले. ठाकुर्ली, आंबिवली, हळद, मांडव, पूर्ण नावांनी. मी नेहमीच्या तोऱ्यात काहीतरी बोलणार होते. पण मला भरून आलं, खरंच आलं. मी चहा सांगायला बाहेर गेले.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी ताराबाई शेवटच्या गायला बसल्या, माझ्याच दुकानात. शटर अर्धं ओढलेलं, पंखा बंद, शेवंता समोर जमिनीवर. मंजूनं आपलंही मशीन रिक्षात घालून आणलेलं, कारण दोन्हींवर रेकॉर्ड केलं तर बरं, म्हणाली. सगळ्यात लांब धवला राहिलेला, देवांना आणि वाडवडलांना एकेकाला नावानं मांडवात बोलवण्याचा. तो पहिल्यांदा मंजूच्या मशीनवर घेतला, ठाकुर्लीच्या कप्प्यात. संपल्यावर ताराबाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, आंबिवलीकडचे देव राहिले, परत घे. तेवढ्यात मंजूचं मशीन अडून बसलं म्हणून दुसऱ्यांदा तो माझ्या मशीनवर घेतला, थेट त्या डिस्कवर. आवाज शेवटी शेवटी चिरकला. पण एकूण एक नाव आलं. शेवंता रडत होती, ताराबाई नाही. मंजूनं तिथल्या तिथे त्या धवल्याला दोन नावं दिली, एक ठाकुर्लीच्या कप्प्यात, एक आंबिवलीच्या. आता दोन्ही गावांचे देव त्यात होते ना, म्हणून.

आता जे झालं ते फक्त आमच्याच भागातल्या माणसाच्या हातून होऊ शकतं. आमच्याकडे घड्याळ बरोबर लावायची पद्धत नाही. गाडी चुकू नये म्हणून प्रत्येक घरात घड्याळ पुढे असतं, कुणाकडे दहा मिनिटं, कुणाकडे वीस, आणि घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात वजाबाकी करत जगतो. मला हा प्रकार सहन होत नाही. स्वतःच स्वतःला फसवायचं आणि वर फसायचंही नाही, याला काय अर्थ आहे? माझ्या दुकानातलं घड्याळ बरोबर असतं, मशीनचंही. पण मंजू लहानपणापासून पुढच्या घड्याळात वाढलेली. तिनं आपल्या कॉम्प्युटरचंही घड्याळ वीस मिनिटं पुढे लावून ठेवलेलं, भिंतीवरच्यासारखंच, आणि त्यात काही चुकलंय असं तिच्या कधी डोक्यातही आलं नाही. त्या संध्याकाळी तिनं घरी जाऊन मशीनवरचं आणि डिस्कवरचं एकत्र केलं. एकाच नावाच्या दोन फाइली आल्या तर नवी ठेव आणि जुनी काढून टाक, असं तिनं मशीनला सांगितलं. मशीननं वेळ बघितली. दोन्हींत अंतर जेमतेम पंधरा मिनिटांचं, आणि पहिला, अपुरा धवला वीस मिनिटं पुढच्या घड्याळावर घेतलेला, म्हणून तो नवा ठरला. पूर्ण धवला गेला.

हे कळलं ते ऑपरेशननंतर. ताराबाई बऱ्या होऊन घरी आल्या, गळ्याला पट्टी, आणि आवाज गेलेला. नुसती फुसफूस, तीही कान तोंडाशी नेला तर ऐकू येणारी. शेवंताचं पहिलं लग्न आठवड्यावर आलेलं. आम्ही चौघी पुन्हा दुकानात बसलो, मंजूनं सवयीनं ठाकुर्लीच्या कप्प्यातून तो धवला लावला, शेवंता बरोबरीनं गुणगुणायला लागली. आणि एका जागी ताराबाईंनी हात वर केला. नाही, नाही, असा. मंजूनं मागे घेऊन परत लावला. पुन्हा तिथेच हात. आंबिवलीचे देव त्यात नव्हते. मंजूनं तारखा बघितल्या, वेळा बघितल्या, मग तिनं माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मनगटावरच्या आपल्या घड्याळाकडे. तिचा चेहरा इतका उतरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. "मीच पुसला," ती म्हणाली. "आईनं शेवटचा गायलेला, मीच पुसला गं." ताराबाईंना काय झालं ते कळलं की नाही कोण जाणे. त्या शेवंताचा हात धरून बसल्या होत्या.

मी काहीतरी म्हणाले. कॅसेट असेल, आठवून लिहू, असलं काहीतरी. मंजू ऐकतच नव्हती. ती पडद्याकडे बघत बसलेली... आणि मग ती खुर्चीत सरळ झाली. म्हणाली, "थांब. ठाकुर्लीच्या नावावरून गेलाय. आंबिवलीचं नाव कुठे पुसलंय मी?" तिच्या त्या पद्धतीत असं होतं की एखाद्या वस्तूचं एक नाव काढलं तरी दुसरं नाव शिल्लक असेतोवर वस्तूला धक्का लागत नाही. तिनं आंबिवलीचा कप्पा उघडला. तिथे तो होता. तिनं लावला, आणि माझ्या त्या चिंचोळ्या दुकानात ताराबाईंचा आवाज भरला, पुढे पुढे गेला, चिरकला, आणि एकेक करत आंबिवलीकडचे सगळे देव आले. ताराबाई स्वतःचा आवाज ऐकत होत्या. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि नजर अशी करडी की शेवंतानं एकही नाव चुकवायची हिंमत केली नसती. शेवंतानं त्या आठवड्यात आंबिवलीच्या मांडवात ते सगळं म्हटलं. आम्ही तिघी मागे बसलेलो. शेवंता कुठेही अडली नाही.

मी मंजूला नंतर म्हटलं, माझं ऐकून साध्या पद्धतीनं मांडली असतीस डिस्क तर? एकच नाव असतं. ती म्हणाली, "तुझं ऐकलं नाही म्हणून तर तुझ्याकडे येते." मग दुकानातून निघताना तिनं मनगटावरचं घड्याळ बरोबर लावलं. घरचंही लावलं असणार, कारण त्या महिन्यात प्रकाशच्या गाड्या वरचेवर चुकायला लागल्या, आणि त्याचे मला तक्रारीचे फोन आले.

त्यानंतरची तिची वर्षं मला फार सुखाची आठवतात. तिचं काम वाढत गेलं. कुठल्या कुठल्या सिस्टमवाल्यांची पत्रं यायची, आमच्याकडेही आणता येईल का, आणि ती कधी नाही म्हणायची नाही. म्हणायची, मी सगळं करणार नाही, तुमच्या घरचं तुम्हाला जास्त माहीत, मी गाभा देते, वरचं तुम्ही बसवा. कोणी तरी जोडीला यायचं, भांडायचं, सुधारायचं. मला तिचा अभिमान वाटायचा आणि मी तो कधी बोलून दाखवला नाही, कारण आमच्यात तसं बोलायची रीतच नव्हती. हॉस्पिटलात शेवटचं भेटले तेव्हा ती पिवळी पडलेली, आणि कोणत्या तरी परक्या सिस्टमवर तारखा कशा उलट्या लिहितात याची कथा मला रंगवून सांगत होती. मी म्हटलं, गप्प पड जरा. ती म्हणाली, "घरी आले की पडते." आता तिच्याशिवाय रविवार मला खायला उठतो. हे सरळ सांगते, त्यात लपवायचं काय आहे?

ताराबाई आता दर रविवारी माझ्या दुकानात येतात. मी बोलावलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. शेवंता किंवा प्रकाश आणून सोडतो, मंजू बसायची त्या खुर्चीत त्या बसतात, गिऱ्हाइकांच्या पत्रिका उलगडून बघतात. लेक गेल्यापासून फुसफुसणंही कमी झालंय. मंजूच्या नावानं येणारी ईमेल मीच बघते. बहुतेकांना मी लिहिते की ती आता नाही, आणि तिचा कोड उघडा आहे, घ्या. कोणाची वाट अडलेली नाही, हे मला त्या पत्रांवरून दिसतं. तिच्याविना काम चाललंय. तिला हेच हवं होतं, आणि मला त्याचा रागही येतो.

गेल्या रविवारी एक पत्र आलं, कुठल्या तरी थंड देशातून. त्या माणसाला मंजू गेल्याचं माहीत नव्हतं. त्यानं लिहिलेलं की त्यानं तिची फाइल सिस्टम एका नव्या सिस्टमवर बसवली आहे, जिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मंजू आपल्या कोडबरोबर तपासणीसाठी एक आवाजाची फाइल जोडायची, आईच्या धवल्याचा दोन मिनिटांचा तुकडा. तो नीट वाजला म्हणजे सगळं नीट बसलं असं समजायचं. ताराबाईंनीच तेव्हा मान हलवून परवानगी दिलेली. तर त्या माणसानं लिहिलेलं, ती फाइल माझ्या मशीनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली, मी ती पुन्हा पुन्हा ऐकली, घरातल्या सगळ्यांना ऐकवली. ह्या बाई कोण आहेत?

मी ताराबाईंना ते वाचून दाखवलं, जमेल तसं मराठी करून. कुठे तरी लांब, समुद्रापलीकडे, एका माणसाच्या घरी तुमचा धवला वाजला, असं सांगितलं. मला वाटलं त्या रडतील. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"त्याचे घरान लगीन हाय का?"

मी म्हटलं, नाही हो, तसं नाही, तो फक्त तपासून बघत होता. त्यांना ते पटलं नाही. धवला कोणी उगीच लावतं का? त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि कीबोर्डकडे बोट केलं. मी परत कान नेला.

"त्याला इचार," ताराबाई म्हणाल्या, "तुजे देव कनचे?"

मी खुर्ची पुढे ओढली आणि तसंच लिहिलं.